नर्मदेकाठचे हत्ती आणि त्यांचे हरवलेले भाऊबंद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी गणेशोत्सवात आमच्या मंडळात एक संध्याकाळ मी हत्तींवर बोलते. इंदुरात तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, पण एवढे प्रश्न वर्गात कधी आले नाहीत. व्याख्यान संपलं की मुलं चिठ्ठ्या देतात, मोठी माणसं चहाचा कप हातात घेऊन गाठतात, आणि पुढचे चार दिवस फोन येत राहतात. बरेचसे प्रश्न दरवर्षी तेच असतात. त्यांची उत्तरं इथे सावकाश लिहून ठेवली आहेत. प्रश्न ज्या भाषेत आले त्याच भाषेत ठेवलेत.

मॅमथ म्हणजे आपल्या हत्तीचा पूर्वजच ना?

नाही. पहिला प्रश्न नेहमी हाच असतो, म्हणून त्याला पहिला मान.

मॅमथ हा आपल्या आशियाई हत्तीचा चुलतभाऊ. दोघांचं मूळ घर एकच, आफ्रिका. साधारण साठ लाख वर्षांपूर्वी वाटण्या झाल्या आणि दोन शाखा निघाल्या. गंमत अशी की जनुकांच्या हिशेबाने लोकरी मॅमथ आशियाई हत्तीला जितका जवळचा आहे, तितका आफ्रिकेचा हत्तीसुद्धा आशियाई हत्तीला जवळचा नाही. म्हणजे नवलख्याच्या चिडियाघरात आपण ज्याला केळी खाताना पाहतो, त्याचं सख्खं चुलत घराणं सैबेरियाच्या बर्फात संपलं.

मग हत्तीचे खरे पूर्वज कोण? सुरुवात कुठून झाली?

सुरुवात इतक्या लहान प्राण्यापासून झाली की मुलांना ती पटत नाही. मोरोक्कोत फॉस्फेटच्या खाणी आहेत. खत करण्यासाठी तिथला दगड खणला जातो आणि त्यात जुन्या समुद्रकाठचे दात आणि हाडांचे तुकडे निघतात. तिथेच साधारण 6 कोटी वर्षांपूर्वीच्या थरात इरिथेरियम नावाच्या प्राण्याची कवटी आणि दात मिळाले. इमॅन्युएल गेरब्रांट या फ्रेंच शास्त्रज्ञाने 2009 मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. वजन किती? पाच-सहा किलो. आपल्या घरातल्या थोराड मांजरापेक्षा थोडंसंच जास्त. ना सोंड, ना सुळे. फक्त दातांची ठेवण आणि पुढच्या एका दातजोडीचं किंचित वाढलेलं अंग सांगतं की हा त्या घराण्यातला.

त्याच भागात थोड्या वरच्या थरात, म्हणजे साधारण साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचा, फॉस्फॅथेरियम सापडला. तो कुत्र्याएवढा. पुढे इजिप्तमध्ये कैरोच्या नैर्ऋत्येला फायूम नावाचं वाळवंट आहे, तिथे मोरिथेरियम. हा डुकराएवढा, लांबोडका, आणि पाण्यात राहणारा. पाण्यात राहणारा हे कसं कळलं? दातांच्या इनॅमलमध्ये प्राणवायूचे जड आणि हलके अणू असतात, त्यांचं प्रमाण पाण्यात वावरणाऱ्या प्राण्यात वेगळं येतं. 2008 मध्ये ते मोजलं गेलं. मोरिथेरियमला जुन्या पुस्तकांत 'हत्तीचा आद्य पूर्वज' म्हणून पहिल्या चित्रात उभं करायचे. आता आपण त्याला चुलतपणजोबा मानतो. सरळ वंश त्याच्यातून आलेला नाही. त्याच फायूममधले फिओमिया आणि पॅलिओमॅस्टोडॉन हे मात्र पुढच्या हत्तींच्या बरेच जवळचे.

एक दुरुस्तीही सांगायला हवी, कारण ती आपल्या भागातली आहे. भारत-पाकिस्तानात अँथ्राकोब्युनिड नावाच्या प्राण्यांचे जीवाश्म मिळतात. कित्येक वर्षं त्यांना हत्तीच्या कुळाजवळचे समजलं जायचं, मीसुद्धा तसंच शिकवलं. 2014 मध्ये नव्या जबड्यांचा आणि हाडांचा नीट अभ्यास झाला आणि ते घोडा-गेंड्याच्या बाजूचे निघाले. माझ्याकडून ज्यांनी जुनी वही लिहून घेतली असेल त्यांनी तेवढी ओळ खोडावी.

हत्ती समुद्रगायीचा नातेवाईक आहे हे खरं?

खरं. कच्छच्या आखातात आजही जी समुद्रगाय आढळते, ती आणि हत्ती एकाच जुन्या मुळाचे. आफ्रिकेतल्या खडकांत राहणारा सशाएवढा हायरॅक्स हाही त्यांचा सोयरा. जनुकं तेच सांगतात. शरीरातही खुणा उरल्या आहेत: समुद्रगाय आणि हत्तीण, दोघींची स्तनं गाईसारखी मागे नसतात, पुढच्या पायांपाशी, छातीवर असतात.

एका दाढेवरून एवढं सगळं कसं कळतं? जरा जास्तच नाही का वाटत?

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो, आणि उत्तर लांब आहे.

ज्यांच्या घरी पाटा-वरवंटा होता त्यांनी आठवून पाहावं. पाटा गुळगुळीत झाला की मिरची वाटली जात नाही, नुसती सरकते. मग टाकी लावणारा यायचा आणि छिन्नीने ठोकून पाट्याला पुन्हा खरखरीत करून जायचा. हत्तीच्या दाढेला टाकी लावावी लागत नाही. ती दाढ म्हणजे उभ्या चकत्यांची चवड असते. प्रत्येक चकतीचं बाहेरचं आवरण इनॅमलचं, सर्वांत कठीण. आत दंतद्रव्य, त्याहून मऊ. दोन चकत्यांच्या मधल्या फटीत सिमेंटसारखा भरणा, तो सर्वांत मऊ. चावताना मऊ भाग लवकर झिजतो, कठीण भाग मागे उरतो, म्हणून इनॅमलच्या कडा कायम उंचावलेल्या राहतात. मरेपर्यंत दाढ खरखरीतच.

आता याच चकत्या मोजल्या की घराणं कळतं. गॉम्फोथेरियमसारख्या जुन्या भावंडांच्या शेवटच्या दाढेवर चार-पाच जाड वरंबे असतात, प्रत्येक वरंबा गोल उंचवट्यांचा. स्टेगोडॉन या दुसऱ्या चुलत शाखेच्या दाढेवर दहा-बाराच्या आसपास ठेंगण्या कौलारू ओळी. आशियाई हत्तीच्या दाढेत वीसहून जास्त बारीक, दाटीवाटीने उभ्या चकत्या. लोकरी मॅमथमध्ये त्याहूनही दाट. आफ्रिकन हत्तीच्या दाढेवर कमी चकत्या, पण प्रत्येकीचा आकार थेट शंकरपाळ्यासारखा. त्याच्या शास्त्रीय नावाचा, लॉक्सोडोंटाचा, अर्थच 'तिरकस दातांचा'. मुलांना मी हे दिवाळीच्या फराळाच्या ताटातला शंकरपाळा दाखवून सांगते. ते विसरत नाहीत.

आहारही कळतो. झाडाचा पाला मऊ, त्याला उंचवट्यांची दाढ पुरते. गवतात वाळूसारखे बारीक कण असतात, शिवाय ते जमिनीलगतचं म्हणून धुळीने माखलेलं. ते दाढ खाऊन टाकतं. त्यामुळे गवत खाणाऱ्यांना उंच दाढ लागते. पूर्व आफ्रिकेतल्या हत्तींच्या दातांतल्या कार्बनवरून असं दिसतं की ते 70-80 लाख वर्षांपूर्वी गवताकडे वळले, आणि उंच दाढा त्यानंतर कित्येक लाख वर्षांनी आल्या. आधी सवय बदलली, मग दात बदलले. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण बहुतेकांच्या मनात क्रम उलटा असतो.

शिवाय वय. हत्तीला प्रत्येक जबड्याच्या प्रत्येक बाजूला आयुष्यात सहा दाढा येतात, आणि त्या आपल्यासारख्या खालून वर येत नाहीत. मागून पुढे सरकतात. पुढची झिजून तुकडे पडते, मागची जागा घेते. सहावी झिजली की म्हाताऱ्या हत्तीला चावता येत नाही. त्यामुळे दाढ कितवी आणि किती झिजलेली हे पाहिलं की मेला तेव्हा तो हत्ती साधारण किती वर्षांचा होता तेही सांगता येतं.

सोंडेत तर हाड नसतं. मग जुन्या प्राण्यांना सोंड होती हे कशावरून?

कवटीवरून. सोंड असलेल्या प्राण्यात नाकाचं भोक चेहऱ्याच्या टोकाला नसतं, ते वर सरकतं, जवळपास कपाळापाशी. सोंडेला जाणाऱ्या जाड मज्जातंतूंसाठी गालाच्या हाडात मोठं भोक लागतं. आणि तिसरी गोष्ट साध्या व्यवहाराची: पाय उंच, मान आखूड, डोकं जड. असा प्राणी जमिनीवरचं पाणी पिणार कसं? लांब सोंड किंवा लांब जबडा, दोन्हींपैकी एक हवंच.

जाता जाता: हत्तीच्या कवटीत मध्यभागी नाकाचं मोठं भोक दिसतं. भूमध्य समुद्रातल्या बेटांवर अशा कवट्या मिळायच्या, आणि त्या पाहूनच ग्रीक लोकांना एकाच डोळ्याचे राक्षस सुचले असावेत, असा तर्क 1914 मध्ये ओथेनियो एबेल या शास्त्रज्ञाने मांडला होता. सिद्ध करता येणार नाही, पण कवटी समोर ठेवली की कुणालाही तो पटतो.

चार सुळ्यांचे, फावड्यासारख्या जबड्याचे हत्ती खरंच होते?

होते, आणि थोडेथोडके नव्हते. सोंडवाल्या घराण्यात आजवर साधारण 180 जाती ओळखल्या गेल्या आहेत. आज उरल्या तीन: आशियाई, आफ्रिकेचा माळरानातला आणि आफ्रिकेचा जंगलातला.

जवळपास दोन कोटी वर्षांपूर्वी अरबस्तान आशियाला येऊन भिडला आणि आफ्रिकेतून बाहेर पडायला जमिनीची वाट झाली. मग हे सगळे बाहेर पसरले. गॉम्फोथेअरना वर दोन आणि खाली दोन असे चार सुळे. प्लॅटिबेलोडॉनचे खालचे सुळे चपटे होऊन फावडं झालेले. तो चिखल उपसत असेल असं आधी वाटायचं, पण दातांवरचे ओरखडे पाहता फांद्या आणि सालं कापण्यासाठी तो जबडा वापरत होता असं दिसतं. डायनोथेरियमला वर सुळेच नाहीत, खालच्या जबड्यातून दोन सुळे खाली वळलेले, विळ्यासारखे. तो हिंडत हिंडत आपल्याकडेही आला. खंबातच्या आखातात भावनगरजवळ पिरम नावाचं छोटं बेट आहे, तिथले त्याचे अवशेष 1845 मध्येच भारतीय जात म्हणून नोंदले गेले. आफ्रिकेत त्याचे वंशज साधारण दहा लाख वर्षांपूर्वीपर्यंत टिकले, म्हणजे आपल्या आदिमानवांनी त्यांना पाहिलं.

गणपतीच्या नावाचा हत्ती असतो म्हणे?

असतो. दहा दिवसांच्या उत्सवात हे सांगताना मला दरवर्षी भरून येतं.

1830च्या दशकात सहारनपूरच्या वनस्पतिउद्यानाचा अधीक्षक ह्यू फाल्कनर आणि कालव्यांचा इंजिनिअर प्रॉबी कॉटली या दोघांनी हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्या अक्षरशः पिंजून काढल्या. पुढे ज्याने गंगेचा कालवा बांधला तोच हा कॉटली. शिवालिकमध्ये त्यांना जिराफ, पाणघोडे, प्रचंड कासवं आणि हत्तीच हत्ती मिळाले. त्यांतल्या एका कवटीचे सुळे तीन मीटरहून लांब होते. त्या जातीला त्यांनी 'गणेसा' हे नाव दिलं. आज तिला स्टेगोडॉन गणेसा म्हणतात. स्टेगोडॉन म्हणजे छपरासारख्या दातांचा.

ते सुळे शेजारी शेजारी इतके चिकटून निघालेले असतात की मधून सोंड खाली जायला जागाच नाही. ती बाजूने टाकत असणार. पुढे अभ्यासकांत वाद झाला की गणेसा आणि इन्सिग्निस या दोन जाती नसून गणेसा म्हणजे त्याच जातीतले मोठे नर असावेत. म्हणून काही जण दोन्ही नावं जोडून लिहितात. मला वैयक्तिक तेच जास्त पटतं, कारण दाढांत फरक फारच कमी.

स्टेगोडॉन हा हत्तीचा बाप नव्हे. तोही चुलत शाखेचाच. जुन्या पुस्तकांत तो सरळ रेषेत असायचा.

नर्मदेचा हत्ती म्हणजे कोणता? आपल्या भागात नक्की काय सापडलंय?

पॅलिओलॉक्सोडॉन नामाडिकस. हे नामाडिकस म्हणजे आपली नर्मदाच. जुन्या ग्रीक भूगोलात तिला नामाडोस म्हटलं जायचं. फाल्कनर आणि कॉटलींनी 1846 मध्ये ही जात नोंदवली. म्हणजे जगात कुठेही, कुणीही या हत्तीचं नाव घेतलं की त्यात आपल्या नदीचं नाव येतं.

नरसिंहपूर-होशंगाबाद, आता नर्मदापुरम म्हणतात, या पट्ट्यात नर्मदेच्या काठाला उंच दरडी आहेत. खाली रेती-गोट्यांचा घट्ट बसलेला थर, वर पिवळसर माती. पावसाळ्यात दरड ढासळली की गोट्यांच्या थरातून हाडं डोकावतात. ती काळपट तपकिरी असतात, ठोकली तर दगडासारखी टणक वाजतात, आणि फुटलेल्या बाजूला आतली जाळी तशीच दिसते, फक्त तिच्या भोकाभोकांत खनिज भरलेलं. या थरांत नामाडिकस आहे, स्टेगोडॉन आहे, पाणघोडा आहे, रानटी घोडा आहे, मोठ्या शिंगांचा रानबैल आहे. हो, नर्मदेत पाणघोडे होते. परिक्रमावासी ज्या काठाने चालतात तिथेच.

आणि 5 डिसेंबर 1982 रोजी याच थरांत, हथनोरा गावाजवळ, अरुण सोनकिया यांना मानवी कवटीचा वरचा भाग मिळाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात ते काम करत होते. भारतात मिळालेल्या सर्वांत जुन्या मानवी अवशेषांत त्याची गणना होते. त्याच थरांत दगडी हत्यारंही. तेव्हा त्या काठावर माणूस आणि तो अवाढव्य हत्ती एकाच पाण्यावर येत होते.

हा हत्ती दिसायचा कसा? कपाळावर, डोक्याच्या मागच्या बाजूने पुढे झुकलेला हाडाचा जाड कठडा, जणू डोक्याला घट्ट पगडी बसवलेली. तो कठडा मानेचे स्नायू धरण्यासाठी. डोकं फार जड म्हणून. सुळे लांब आणि बरेचसे सरळ. तो फक्त नर्मदेतच होता असंही नाही. नाशिक जिल्ह्यात नांदूरमध्यमेश्वरजवळ गोदावरीच्या गाळात त्याचे अवशेष मिळाले, गाय पिलग्रिम यांनी 1905 मध्ये ते नोंदवले. मांजरा खोऱ्यातही हत्तींचे जीवाश्म आहेत. तेव्हा नाशिक-लातूरकडच्या पाहुण्यांनी हे फक्त माळव्याचं कौतुक समजू नये.

तो जगातला सर्वांत मोठा हत्ती होता का? 22 टन वजन होतं असं वाचलं.

तो आकडा 2016 च्या एका अभ्यासातला आहे: खांद्याशी उंची पाच मीटरच्या पुढे आणि वजन 22 टन. पण तो मांडीच्या एका मोडक्या हाडावरून, उरलेला भाग कल्पून काढलेला आहे. अंदाज करणाऱ्यानेही तो कच्चा आहे असंच म्हटलंय. आपला आशियाई नर चार-पाच टनांचा, उंची पावणेतीन मीटरच्या आसपास. नामाडिकस त्याच्यापेक्षा खूपच मोठा होता एवढं निश्चित धरा. 22 चा आकडा पोस्टरवर छापू नका.

याच वंशाची एक मोठी कवटी काश्मीरमध्ये पांपोरजवळ 2000 साली मिळाली, सोबत 87 दगडी हत्यारं. 2024 मध्ये अद्वैत जुकर आणि सहकाऱ्यांनी तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. वय तीन ते चार लाख वर्षं. डोक्यावरचा कठडा नामाडिकसपेक्षा बराच कमी विकसित, म्हणून ती तुर्कमेनिस्तानात पूर्वी मिळालेल्या एका जातीची ठरली. हाडांवर ताजी असतानाच फोडल्याच्या खुणा होत्या: माणसांनी हाडांतली मज्जा काढून खाल्ली असावी.

इंदूरच्या काळ्या दगडात हत्तीची हाडं मिळतील का? आमच्या प्लॉटवर बोअरिंग करताना हाडासारखं काहीतरी निघालं.

काळ्या दगडात नाही मिळणार. आपण ज्यावर बसलो आहोत तो दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. तेव्हा हत्तीचं घराणं सुरूच झालेलं नव्हतं, आणि लाव्ह्यात हाडं टिकतही नाहीत. पांढरं, काचेसारखं, गोल काही निघालं असेल तर ते बहुधा दगडाच्या पोकळीत भरलेलं गारेचं किंवा झिओलाइटचं खनिज असेल.

धार जिल्ह्यात बागकडे जी अंडी मिळतात ती डायनोसॉरची. ती हत्तींच्या फार फार आधीची. दोन्ही एकाच चित्रात रंगवलेलं मी एका शाळेच्या प्रदर्शनात पाहिलं, खाली नर्मदा आणि तिच्यात मॅमथ. मुलांनी जीव ओतून काढलं होतं, म्हणून फार वाईट वाटलं; मोठ्यांनी वेळेवर सांगायला हवं होतं.

लोकरी मॅमथ भारतात होता का?

नर्मदेकाठी नव्हता. तो थंड, कोरड्या, गवताळ उत्तरेचा. आपल्याकडे आशियाई हत्तीचा पूर्वज मानला जाणारा एलिफास हायसुड्रिकस होता. त्याचे अवशेष शिवालिकमध्ये मिळतात.

आणि बुटके हत्ती?

बेटावर अडकलेले हत्ती पिढ्यान्पिढ्या लहान होत जातात: खाणं मोजकं, वाघ-सिंह नाहीत. सिसिलीतला एक हत्ती पूर्ण वाढ झाल्यावरही जेमतेम एक मीटर उंच, म्हणजे जेवणाच्या टेबलापेक्षा थोडाच उंच. तो आपल्या नामाडिकसच्याच कुळातला, आणि त्याला नाव फाल्कनरचं. एकाच घराण्यात पाच मीटरचा अंदाज आणि एक मीटरचं वास्तव! इंडोनेशियात फ्लोरेस बेटावर बुटका स्टेगोडॉन आणि त्याच गुहेत बुटक्या माणसांचे अवशेष, असंही आहे.

एवढे सगळे नष्ट कशामुळे झाले? माणसाने मारले की हवामानाने?

प्राणी कायमचे संपू शकतात हेच आधी लोकांना मान्य नव्हतं. 1796 मध्ये पॅरिसमध्ये जॉर्ज क्यूव्हिएने भारतीय हत्ती, आफ्रिकन हत्ती आणि सैबेरियाच्या मॅमथचे जबडे शेजारी शेजारी ठेवले आणि दाखवून दिलं की हे तिन्ही वेगळे, आणि मॅमथ आता कुठेच नाही. विज्ञानात 'नामशेष' ही कल्पना पक्की झाली ती हत्तीच्या दाढांवरून.

कारणांबद्दल माझं मत असं की एकच गुन्हेगार शोधायचा नाद सोडावा. 2021 मध्ये या सगळ्या कुळाचा हिशेब मांडणारा अभ्यास आला. त्यात दिसतं की जाती संपण्याचा वेग आफ्रिकेत 24 लाख वर्षांपूर्वी वाढला, युरोप-आशियात 1 लाख 60 हजार वर्षांपूर्वी आणि अमेरिकेत 75 हजार वर्षांपूर्वी. म्हणजे उतरण हवामानाने, गवत आणि जंगलाच्या बदलाने आधीच सुरू झाली होती. पण शेवटच्या धक्क्यात माणूस नव्हता असंही म्हणता येत नाही. अमेरिकेत ॲरिझोनातल्या नाको इथे मॅमथच्या सांगाड्यात आठ दगडी भाल्यांची टोकं मिळाली. वॉशिंग्टन राज्यात मॅस्टोडॉन या हत्तीच्या दूरच्या नातेवाइकाच्या बरगडीत हाडाचं टोक रुतलेलं आहे, सुमारे 13,800 वर्षांपूर्वीचं. जर्मनीत तर सव्वा लाख वर्षांपूर्वी निअँडरथल नावाच्या आदिमानवांची माणसं सरळसुळे हत्ती पद्धतशीर मारून कापत होती. सत्तरएक हत्तींच्या हाडांवर त्या खुणा आहेत. पण तो हत्ती त्यानंतरही हजारो वर्षं टिकला. हीच तर गुंतागुंत.

भारताची गोष्ट निराळी आहे, आणि ती आपल्याला माहीत असायला हवी. 2021 मध्येच जुकर आणि सहकाऱ्यांनी उपखंडाचा हिशेब मांडला: आपल्याकडे मोठ्या प्राण्यांपैकी चारच जाती संपल्या. नामाडिकस हत्ती, नर्मदेचा स्टेगोडॉन, पाणघोडा आणि रानटी घोडा. साधारण 30 हजार वर्षांपूर्वीच्या आसपास. अमेरिकेत मोठे प्राणी बहुतेक सगळे गेले, तसं इथे झालं नाही. त्यांचं म्हणणं असं की इथले प्राणी फार जुन्या काळापासून आदिमानवांच्या निरनिराळ्या प्रजातींसोबत वाढले, त्यांना माणसाची भीती ठाऊक होती. चार गेले ते मोठे, कमी प्रजनन करणारे. हत्तिणीला बावीस महिने पोट वाहावं लागतं आणि एक पिल्लू होतं. अशा जातीत थोडी जास्त मरतूक झाली तरी ती भरून निघत नाही.

आणि शेवटचा मॅमथ? तो मुख्य भूमीवर नाही, आर्क्टिकमधल्या रॅंगेल बेटावर साधारण 4,000 वर्षांपूर्वी संपला. हडप्पाच्या मुद्रांवर हत्ती कोरले जात होते तेव्हा तिथे मॅमथ जिवंत होते. दायमाबादला 1974 मध्ये काशाचा जो देखणा हत्ती सापडला, तो ओतणाऱ्या कारागिराच्या फार आधी ते गेलेले नव्हते. 2024 मध्ये त्या कळपाची जनुकं वाचली गेली: समुद्र वाढून बेट तुटलं तेव्हा तिथे फार तर आठ मॅमथ उरले असावेत. त्यांचे दोन-तीनशे झाले, सहा हजार वर्षं टिकले, आणि मग एकाएकी संपले. त्याआधीच अलास्काजवळच्या सेंट पॉल बेटावरचे मॅमथ 5,600 वर्षांपूर्वी गोड्या पाण्याअभावी गेले. तळी आटत गेली होती.

माळव्यात जंगली हत्ती कधीपर्यंत होते?

अकबराच्या काळापर्यंत तरी नक्की. आइन-ए-अकबरीत माळवा सुभ्यात जंगली हत्ती मिळण्याची ठिकाणं दिली आहेत, त्यात हंडिया आणि बिजागढ आहेत. हंडिया म्हणजे नेमावरच्या समोरचा काठ. आपण अमावास्येला नेमावरला स्नानाला जातो, तिथून पलीकडे दिसणारं गाव. चारशे वर्षांत तिथे हत्तीची आठवणसुद्धा उरली नाही. जीवाश्म व्हायला लाखो वर्षं लागत असतील, जंगलातून नाहीसं व्हायला दहा-बारा पिढ्या पुरल्या.

मध्य प्रदेशात आता पुन्हा हत्ती आलेत. 2018 पासून बांधवगडमध्ये छत्तीसगडकडून आलेले कळप राहू लागले. ऑक्टोबर 2024 मध्ये त्यांतले दहा हत्ती कोदो या भरडधान्याची बुरशी लागलेली शेतं खाऊन मेले. त्या आठवड्यात मला मुलांचे सर्वांत जास्त फोन आले.

मॅमथ पुन्हा जन्माला घालणार म्हणतात, ते?

जे होऊ शकतं ते म्हणजे आशियाई हत्तीच्या पेशीत मॅमथची काही जनुकं घालणं. त्यातून थोडा केसाळ आशियाई हत्ती होईल, मॅमथ नव्हे. आणि त्यासाठी हत्तीण लागेल, जी आधीच संकटात आहे.

नदीकाठी दाढ किंवा हाड दिसलं तर काय करायचं?

उचलू नका. आधी फोटो काढा: एक लांबून, ज्यात दरड आणि नदी दोन्ही दिसतील, आणि एक जवळून, शेजारी रुपयाचं नाणं किंवा पट्टी ठेवून. मोबाईलवर जागेची खूण साठवा. ते कुठल्या थरात आहे हे पाहा, रेती-गोट्यांत की वरच्या मातीत, आणि दरडीच्या माथ्यापासून किती हात खाली. मग भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भोपाळ कार्यालयाला किंवा विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागाला कळवा. कुठल्या थरातून हे कळलं तर वय काढता येतं. नर्मदेच्या गाळात सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, साधारण 74 हजार वर्षांपूर्वीची राख मिळते. दाढ त्या राखेच्या खाली होती की वर, एवढ्या एका गोष्टीने सगळा हिशेब बदलतो. घरी आणून देव्हाऱ्यात ठेवलेल्या दाढेला हे विचारता येत नाही.

मी जिथे शिकवायचे तिथल्या प्रयोगशाळेच्या कपाटात अशी एक दाढ होती. कुणीतरी फार पूर्वी नर्मदेवरून आणलेली. पाच किलोच्या आसपास वजन, दोन्ही हातांनी उचलावी लागे. तिच्या खाली चिकटवलेली चिठ्ठी उधईने खाल्ली, कोपऱ्यात शाईचा फक्त 'घाट' एवढा शब्द उरला. पंधरा चकत्या शाबूत, पुढच्या तीन पार झिजलेल्या, म्हणजे प्रौढ जनावर. सिमेंटच्या फटीत अजून बारीक रेती अडकलेली आहे. ती रेती मी भिंगाखाली पुष्कळदा पाहिली. कुठल्या घाटाची, ते त्या रेतीवरून काढायचा प्रयत्न माझे दोन जुने विद्यार्थी सध्या करत आहेत.